लवू धुरीची किळस

लवू धुरीला किळस यायची, आणि ती लपवण्याची कला त्याला कधीच साधली नाही. कुवेतच्या खैतान वस्तीतल्या ज्या इमारतीत कंपनीने आपली माणसे ठेवली होती, तिथे एका मोठ्या खोलीत दुमजली लोखंडी खाटा भिंतीला भिंत लावाव्यात तशा उभ्या केल्या होत्या. मोरी एक, संडास एक, आणि चूल म्हणजे गॅसची एक शेगडी, जिच्यावर कोणाचे तरी कालचे कालवण सदैव आटत असे. मोरीच्या जाळीवर केसांचा पुंजका, दारामागे ओल्या बनियनांचा ढीग, पातेल्यांच्या मागे तुळतुळीत तांबड्या झुरळांची वर्दळ. इतरांना या साऱ्याची सवय झाली होती. सवय झाली की किळस मरते. लवूची मेली नाही. तो कुडाळजवळच्या आपल्या गावातून एकोणीसशे त्र्याण्णव साली आला तो नाक मुठीत धरूनच, आणि पाच वर्षे झाली तरी ती मूठ सुटली नव्हती.

पाण्याचा पेला त्याचा वेगळा. जेवणाची ताटली वेगळी. आमटीच्या पातेल्यात कोणी उष्टा चमचा बुडवलेला दिसला की त्या दिवशी तो कोरडा भात खाऊन उठे. संडासात जाताना फिनेलची बाटली बरोबर नेई, आणि बाहेर येताना त्याचा चेहरा एखाद्या प्रेताला खांदा देऊन आल्यासारखा होई.

"लवूदादा, देवान तुका माणूस कित्याक केल्यान?" खालच्या खाटेवरचा सुदेश त्याला डिवचत असे. "साबण करूक होयो होतो."

"मग पयलो तुकाच घासूचां लागलां असतां," लवू म्हणे, आणि खाटेभोवती बांधलेला लुंगीचा पडदा ओढून घेई.

सुदेश त्याच्याच तालुक्यातला, वयाने लहान, आणि त्या खोलीत लवूला सहन होणारा जवळजवळ एकमेव माणूस. बाकीचे लवूला 'सोवळे' म्हणत. रागाने नव्हे, एखाद्याच्या अंगावर जन्मखूण असावी तशी ती त्याची ओळखच झाली होती. लवूने नाक मुरडले की ते कालवण बिघडले आहे, असे मानून पातेले रिकामे केले जाई. या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा होता.

हीच किळस त्याच्या हाताला मात्र फळली होती. तो इंटरलॉकच्या विटा बसवी. बंगल्यांची अंगणे, पदपथ, गाड्या लावायच्या जागा यांवर ज्या सिमेंटच्या रंगीत विटा एकमेकींत अडकवून बसवतात, त्या. खाली गच, म्हणजे इकडच्या वाळवंटातून येणारी चुनखडीमिश्रित टणक माती, दाबून घ्यायची; तिच्यावर रेतीचा पातळ थर; त्यावर विटा; आणि शेवटी सांध्यांतून बारीक रेती झाडायची. लवूच्या सांध्यांत काडीचा फरक निघत नसे. ओघळलेली रेती, फुटका कोपरा, तिरकी रांग त्याला उष्ट्या चमच्यासारखी वाटे, आणि म्हणून तो ती उखडून पुन्हा बसवी.

अठ्ठ्याण्णव सालच्या हिवाळ्यात कंपनीचा म्हातारा मेस्त्री कायमचा गावी गेला. तेव्हा सुपरवायझर रफीक, जो रायगडच्या किनाऱ्यावरचा आणि जिभेने तिखट होता, लवूला बाजूला घेऊन म्हणाला, "सलव्यात नवा बंगला झालाय, त्याचं अंगण तू कर. मालकाने पसंत केलं की मेस्त्री तू. आणि यापुढे मेस्त्रीला कंपनीच्या रिग्गईतल्या गोदामाशेजारची खोली. एकट्याला. मोरी आतच."

लवूने पगाराचे काही विचारले नाही. "आत मोरी?" एवढेच त्याने विचारले.

"आतच. तुझी घाण, तुझा वास. दुसऱ्या कोणाचा नाही."

त्या दिवसापासून लवू धुरीच्या मनात दुसरे काही उरले नाही. एक दार, जे आतून लागते. एक मोरी, जिच्यात केस असलाच तर आपला. सुदेशला त्याने हे सांगितले तेव्हा त्याच्या आवाजात असा काही ओलावा होता की सुदेशने थट्टासुद्धा केली नाही.

जानेवारीअखेर अंगण पुरे झाले. मालक, एक निवृत्त, मितभाषी कुवेती गृहस्थ, त्यावरून अनवाणी चालला आणि "जेन" म्हणाला. चांगले आहे. पण पसंती तो महिनाभर पाहूनच देणार होता. पूर्वी एकाने त्याला फसवले होते.

फेब्रुवारीत दोनतीन सरी पडल्या. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर पिवळी रानफुले उगवली, आणि लवूच्या अंगणाला फोड आले.

रफीकने त्याला गाडीतून तिथे नेले आणि बोटाने दाखवले. दक्षिणेच्या भिंतीलगत, जिथे दिवसभर ऊन राही, विटांच्या सांध्यांवर मातीच्या लहान लहान ढिगल्या उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मधोमध पेन्सिल जाईल एवढे भोक. आणि त्या भोकांवर करड्या, लवदार माश्या घोंगावत होत्या, आत शिरत होत्या, उलट्या पावलांनी माती ढकलत बाहेर येत होत्या.

"लवूशेठ, जमिनीला देवी आल्यात की तुझ्या कामाला?" रफीक म्हणाला. "मालक म्हणतो खालचा गच कच्चा आहे, अंगण खचणार. हे साफ झाल्याशिवाय पसंती नाही. आणि पसंती नाही तर..."

लवूच्या अंगावर काटा आला. आपल्या रेषांवर ही पुरळ! त्याने ढिगल्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा होत्या. पाणी मारून भोके बुजवली. उन्हाने माती सुकली आणि भोके उघडली. प्रत्येक वेळी त्याला वाटे की या विटांखाली काहीतरी मोठे, वळवळणारे, एकजीव असे वाढते आहे. कारण त्याने जमिनीतल्या माश्या पाहिल्या होत्या त्या गावच्या गांधीलमाश्या. बांधाच्या कुशीत त्यांचे एकच थोरले पोळे असते, त्यात राणी असते, आणि वरची सारी भोके एकाच दरवाज्याशी जाऊन मिळतात. गावात त्याचा उपाय ठरलेला होता. मुख्य दार शोधायचे, बाकीची चोरदारे लिंपायची, मग मुख्य दारात रॉकेल ओतून काडी लावायची. दारापाशी राणी जळली की सारा कारभार आटोपला. हे काम तिन्हीसांजेला करतात, सगळ्या घरी आल्या म्हणजे. पण कंपनीची बस चारलाच निघत असल्यामुळे लवूने ते भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत करायचे ठरवले.

सुदेशला त्याने मदतीला घेतले. दोघांनी उकिडवे बसून भोके न्याहाळली.

"ह्यां बघ, हंय ये-जा जास्त आसा," लवू म्हणाला. "हेच मुख्य दार."

"आणि ती लाल कोण?" सुदेशने विचारले. करड्या माश्यांच्या मधून एक सडपातळ, तांबूस, बिनकेसाळ माशी जमिनीलगत तरंगत होती. एका भोकातून करडी माशी उडून गेली, तशी ही लाल त्याच भोकात शिरली. काही वेळाने बाहेर आली आणि दुसऱ्या भोकाजवळ दबा धरून बसली.

"नवरो आयलो सुटयेवर," सुदेशने स्वतःच उत्तर दिले. "बायल बाजारात गेली, ह्यो घरात. पण मेल्यान दोन घरां केल्यान दिसता."

लवूला हसू आले नाही. त्याने बाकीच्या भोकांत सिमेंटची लापशी भरली, मुख्य म्हणून ठरवलेल्या भोकात रॉकेल ओतले आणि काडी लावली. निळी ज्योत भुरभुरली आणि विझली. आतून एकही माशी बाहेर आली नाही. मात्र शेजारच्या भूखंडावरून एकेक करून माश्या परतू लागल्या. त्यांचे मागचे पाय रानफुलांच्या पिवळ्या पिठाने माखलेले होते. प्रत्येक माशी आपापल्या बुजलेल्या भोकापाशीच उतरे. त्या सिमेंटभोवती फिरे, उडे, पुन्हा नेमकी तिथेच येई. वीतभर अंतरावरच्या कोवळ्या लिंपणातून शेजारणीने वाट काढली होती, तरी तिच्या दारात कोणीही पाऊल टाकत नव्हती.

"दादा, ह्यंचा गावच नाय," सुदेश हळूच म्हणाला. "सगळ्यो भाडेकरू."

लवूने विटा उचकटल्या. पोळे सापडलेच पाहिजे, या हट्टाने त्याने थापीने गच खणला. पोळे नव्हते. राणी नव्हती. प्रत्येक भोकाखाली एक स्वतंत्र बोगदा हातभर खाली गेला होता, दुसऱ्या कोणत्याही बोगद्याला न भेटता. त्याच्या टोकाला, द्राक्षाच्या घडाला मणी असावेत तशा, बाजूला खोल्या होत्या. एक फुटली तेव्हा लवूने तोंड फिरवले. आत एक गलेलठ्ठ, दुधी, बिनडोळ्यांची अळी हरभऱ्याएवढ्या पिवळ्या गोळ्याला बिलगून खात पडली होती. पण तोंड फिरवलेल्या लवूची नजर, सवयीने, घाण शोधायला पुन्हा तिथेच गेली, आणि तिला घाण मिळेना. खोलीच्या भिंती आतून गुळगुळीत, चकचकीत होत्या, कोणी रोगण दिल्यासारख्या. पाणी झिरपणार नाही, माती पडणार नाही. अळी खात होती, पण विष्ठेचा ठिपका कुठे नव्हता. एका अळीला एक खोली, दार मातीने बंद, आत पुरेल एवढे अन्न, शेजार नाही.

लवूने थापी खाली ठेवली. त्याला हव्या असलेल्या जागेचा नकाशाच कोणी जमिनीत कोरून ठेवला होता.

पुढची खोली त्याने थापीच्या टोकाने, जपून उघडली. हा त्या बोगद्याचा शेवट होता, ज्यात लाल माशी शिरताना त्यांनी पाहिली होती. आत पिवळा गोळा होता. पण त्यावरची दुधी अळी सुरकुतून, रिकाम्या सालीसारखी चिकटली होती. तिला एका बारक्या, चपट्या डोक्याच्या दुसऱ्याच अळीने चिमट्यासारख्या दाढांत धरले होते. लाल माशीने स्वतः ना बोगदा खणला होता, ना पीठ आणले होते. मागे केव्हातरी घरधनीण बाहेर असताना आत जाऊन तिने आपले अंडे ठेवले, इतकेच.

"नवरो न्हय हां," सुदेश म्हणाला.

लवू उठला, भिंतीच्या कडेला गेला आणि ओकला.

काडीचा उपाय फसला आणि वर विटाही उखडल्या म्हणून रफीकने तोंडी बरेच काही सुनावले. दोन दिवसांनी त्याने कुठून तरी पांढऱ्या विषारी पुडीचा डबा आणून लवूच्या हातात दिला. "प्रत्येक भोकात चिमूट. तोंडाला फडके बांध. खोली हवी ना?"

लवूने फडके बांधले. विटा पुन्हा बसवल्या होत्या, आणि वाचलेल्या माश्यांनी त्यांच्यातून नवे मार्ग काढले होते. त्याने प्रत्येक भोकात चिमूट टाकली, व्यवस्थित, एकही न चुकवता, विटा बसवी तशीच. दुसऱ्या दिवशी त्याने अंगण झाडले. माश्या पाय आखडून पडल्या होत्या, काही अजून कुशीवर गोल फिरत होत्या, आणि केरसुणीला पिवळे पीठ चिकटत होते. तो चिकट, गोडूस वास आणि पुडीचा कडवट वास मिळून जे झाले, ते त्याच्या नाकातून कित्येक दिवस गेले नाही. आजवर घाण नेहमी दुसऱ्याची होती. ही त्याने स्वतः केली होती.

ढिगल्या थांबल्या. मालकाने पसंती दिली. रफीकने लवूची पाठ थोपटली आणि शुक्रवारी रिग्गईला सामान घेऊन यायला सांगितले. "खोली रिकामी करून देतो," तो म्हणाला.

लवूला वाटले होते, खोली रिकामीच आहे.

शुक्रवारी सकाळी तो बॅग घेऊन रिग्गईला पोचला तेव्हा गोदामाशेजारचे दार उघडे होते आणि आत मुस्तफाचाचा होते. गोदामातली हत्यारे सांभाळणारे, हर्णैचे, सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ. लवू त्यांना ओळखत होता तो हत्यारे नेण्या-आणण्यापुरता. नव्वद सालच्या इराकी आक्रमणात सगळे पळाले तेव्हा हे गोदामाला कुलूप घालून आतच राहिले होते, असे जुने लोक सांगत.

"ये बाबा, ये," चाचा म्हणाले. "रफीक बोलला, कोणीतरी येणार. खोलीला रंग द्यायचा आहे ना? मीच म्हटलं, रंगाआधी भेगा भरून घेऊ. बघ."

त्यांनी दाखवले. भिंतीतली प्रत्येक भेग चुन्याने भरून, हाताने घोटून गुळगुळीत केली होती. खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. मोरी कोरडी. जाळीवर एक केस नाही. नमाजाची चटई घडी करून उशाशी, आणि खिडकीच्या चौकटीत धुतलेले दोन पेले पालथे.

"झुरळ येत नाही माझ्याकडे," चाचा अभिमानाने म्हणाले. "रंगाचे दोन दिवस मी गोदामात झोपेन, मग परत. तू बस ना. चाय घे."

रफीकने त्यांना काय सांगितले होते आणि काय नाही, ते लवूला त्या 'परत'मध्ये कळले. रंग होईल, चाचांचे गाठोडे खैतानच्या त्या खोलीतल्या वरच्या खाटेवर जाईल, आणि त्यांना चढायला कोणीतरी हात देईल किंवा देणार नाही.

लवूने सारी खोली नजरेने पिंजून काढली. एखादा डाग, एखादे जाळे, एखादा कुबट वास. काहीतरी घाणेरडे सापडले असते तर काम सोपे झाले असते. घाणेरड्या माणसाला बाहेर काढायला त्याचा हात कचरला नसता. पण त्या खोलीत बाहेरून आलेली एकच गोष्ट होती, आणि ती हातात बॅग घेऊन दारात उभी होती. त्याला मळमळले. ही नेहमीची मळमळ नव्हती. नेहमीची तोंड फिरवले की थांबे.

चाचांनी चहा दिला. लवूने तो परक्याच्या पेल्यातून प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत, आणि "मोरीचा उतार बघायला आलो होतो" असे म्हणून निघाला.

आता प्रश्न असा होता की त्याने नाही म्हटले तर खोली दुसऱ्याला मिळेल. मेस्त्री कोणीही होऊ शकत होता, आणि आत मोरी असलेली खोली कोणालाही हवी होती. खैतानला परत येईस्तोवर लवूने विचार केला. रफीक तिथे हिशेबाला आलेला होता आणि सारे जेवायला बसले होते. तिथेच, सगळ्यांच्या देखत, लवू म्हणाला:

"रफीकभाई, ती खोली मला नको."

"का? राजवाडा पाहिजे?"

"घाण येते तिथे." लवूने नाक मुरडले. ते मुरडणे साऱ्यांच्या परिचयाचे होते. "भिंतीत उंदीर मेलेत. मोरीखालचा पाइप फुटून मैला जमिनीत मुरलाय. वरून चुना लावलाय, पण आतून सडलंय सगळं. मी दोन मिनिटं उभा राहिलो, अजून उलटी येतेय. रंगाने जाणार नाही, पाडावीच लागेल."

ताटांवरचे हात थांबले. कोणीतरी "शी!" म्हणाले. रफीक म्हणाला, "तो म्हातारा इतकी वर्षं राहतोय तिथे!"

"त्याला सवय झालीय," लवू म्हणाला. "तुम्ही झोपून बघा एक रात्र."

रफीक झोपला नाही. कोणीच झोपले नाही. लवू सोवळ्याने ज्याला घाण म्हटले, त्याची परीक्षा घेण्याची खैतानमध्ये पद्धतच नव्हती. चिडलेल्या रफीकने मेस्त्रीपद सुदेशला दिले, आणि त्यानेही खोली घ्यायला नकार दिला. त्या दिवशी झोपताना तो वरच्या खाटेकडे बघून फक्त म्हणाला, "दादा, तुका खोटां बोलूक येता ह्यां माका म्हायत नव्हतां." वर लुंगीचा पडदा ओढला गेला.

पाडण्याचा खर्च कंपनीने केला नाही, आणि मुस्तफाचाचा आणखी पाच वर्षे, गावी परत जाईपर्यंत, त्याच खोलीत राहिले. लवू खैतानलाच राहिला. त्या मोरीशी, त्या झुरळांशी, त्या पातेल्याशी त्याचे कधीच जमले नाही, आणि ते जमावे असा त्याने प्रयत्नही केला नाही.

मात्र त्याचे बोलणे रिग्गईला पोचायचे ते पोचलेच. पुढच्या आठवड्यात तो थापी घ्यायला गोदामात गेला तेव्हा चाचांनी त्याच्याकडे पाहिले नाही. पूर्वी ते हत्यार हातात देत आणि दोन शब्द बोलत. आता त्यांनी लवूची थापी कपड्याने स्वच्छ पुसली, फळीवर ठेवली, आणि बोट लागणार नाही अशा बेताने त्याच्याकडे सरकवली.

"घे," ते म्हणाले. "धुतलेली आहे."

लवूने ती उचलली. खुलासा करण्यासारखे शब्द त्याच्यापाशी होते. पण ते बोलले की चाचांची खोली जाणार होती. तेव्हा त्याने मान खाली घातली, आणि चाचांना पटावे म्हणून, बाहेर पडताना नाकाला रुमाल लावला.